आईच्या गाडीचं पाणी

४ मे

शाळेला सुट्टी लागली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटीच उघडतात, म्हणजे हाताशी सात आठवडे आहेत. तेवढ्यात गाडीच्या पाण्याचं काम संपवायचं.

जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) मार्चपासून अंगणात उभी आहे. मागच्या सीटा कमी करायची परवानगी आरटीओकडून आधीच घेतली. नोंदणी पुस्तकात एक आणि गाडीत दुसरंच, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. पलंग बसला, पंखा लागला, कमोडची खुर्ची पडद्याआड बोल्टने कसून झाली. राहिलं फक्त पाणी.

आईचे गुडघे गेलेत आणि साखरेमुळे तिला तासाभरात जावंच लागतं. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, अख्खा जिल्हा फिरवून आणला, पण आई गेल्या चार वर्षांत दर्यापूरच्या पुढे गेलेली नाही. शेगावला जायचं म्हटलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करते. साखरेच्या माणसाने मे महिन्यात पाणी न पिता प्रवास करणं किती धोक्याचं आहे हे तिलाही कळतं, पण रस्त्यात जाणार कुठे? म्हणून ही गाडी.

सामान असं आहे : मागच्या बाकाखाली १०० लिटरची सपाट टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (बॅटरीच्या फवारणी पंपात असतो त्याच जातीचा), एक नळ, एक हँड शॉवर. पिण्याचं पाणी वेगळं, २० लिटरच्या कॅनमध्ये. टाकी बाहेरून भरायची कशी, हे आता ठरवायचं.

६ मे

सध्याची रीत म्हणजे मागचं दार उघडायचं, टाकीचं झाकण काढायचं, नळी आत कोंबायची आणि भरेपर्यंत धरून ठेवायची. काल नळी निसटली आणि आईची गादी भिजली. बाबांना कमरेत वाकून नळी धरवत नाही. मी सोबत नसताना हे दोघं कुठे गेले तर एका हाताने, उभ्याउभ्या, न सांडता टाकी भरता आली पाहिजे. खटक्याची जोडणी हवी, म्हणजे क्विक कनेक्टर : नळीचं तोंड गाडीच्या तोंडावर दाबलं की खट्ट, कॉलर मागे ओढली की सुटलं.

अमेरिकेत लोक घरासारख्या गाड्या घेऊन फिरतात, त्यांची पद्धत वाचून काढली. तिथे गाड्या थांबायच्या तळावर प्रत्येक जागेला नळ असतो आणि त्याला पाऊण इंची, ठरलेल्या आट्यांचं तोंड असतं. गाडीलाही तेच. नळी लावली की पाणी थेट गाडीच्या नळांना जातं, टाकीची गरजच नाही. दाब जास्त असतो म्हणून मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर लावतात. हे वाचताना मनात आपल्या गावचे नळ आले. ग्रामपंचायतीच्या नळाला तोटी असली तर तिचं नाक गुळगुळीत, आटे नाहीत. काही ठिकाणी तोटीच नाही, नुसता अर्धा इंची पाइप आणि त्यात कोंबलेलं लाकडाचं खुंट.

७ मे

दर्यापूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन तास. ऑनलाइन मागवलेला पितळी कनेक्टर सोबत नेला होता. पाऊण इंची लिहिलं होतं, आपलीही पाऊण इंचीच फिटिंग, पण दीड फेरा गेला आणि अडकला. दुकानदारभाऊंनी आटे मोजायची पट्टी लावली. आपल्याकडच्या पाऊण इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) आट्यांत इंचाला १४ दात, आणि अमेरिकन बागेच्या नळीच्या आट्यांत साडेअकरा. जोर लावला असता तर दोन्ही आटे खराब झाले असते. ते अमेरिकन आटे टेफ्लॉन टेपवर चालतच नाहीत. आत सपाट रबरी वायसर असतो, पाणी तो अडवतो. आपण टेप गुंडाळून कितीही कसलं तरी ते ठिबकणारच.

दुसऱ्या दुकानात मला खूप भक्कम, चकचकीत कपलर दाखवलं. दाबून पाहिलं, फार छान बसलं. मग लक्षात आलं की हे टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचं आहे. आतला स्प्रिंग आणि गोळ्या साध्या पोलादाच्या, हवेला चालतील. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यात ते किती दिवस टिकेल? तरी एक घेतलं, ६० रुपयांचं, घरच्या बोअरच्या पाण्यात बुडवून ठेवते.

शेवटी बागेच्या नळीचे प्लॅस्टिकचे खटके घेतले. ही रचना गार्डेना या जर्मन कंपनीने १९६८ साली बाजारात आणली आणि पुढे इतक्या जणांनी तीच मापं उचलली की आज कुठल्याही दोन कंपन्यांचे तुकडे बहुतेक वेळा एकमेकांत बसतात. सुटा भाग गावात नाही मिळाला तर अकोटला मिळेल, अकोल्याला मिळेल. प्रवासाच्या गाडीसाठी मला हीच गोष्ट पितळेच्या मजबुतीपेक्षा मोलाची वाटली.

९ मे

टाकीचं झाकण आता कायमचं बंद. झाकणाला भोक पाडून टाकीचा निपल बसवला, त्यावरून पाऊण इंची पाइप मागच्या दारापर्यंत आणला. दाराच्या आतल्या बाजूला लोखंडी पट्टी, तिच्यावर खटक्याचा मेल, म्हणजे आत जाणारा तुकडा. गाडीच्या पत्र्याला एकही भोक नाही, आणि दार बंद केलं की प्लॅस्टिक उन्हात राहत नाही. हवा बाहेर जायला ८ मिलिमीटरची बारीक नळी टाकीतून खाली, चासीपर्यंत सोडली.

बाबा खुर्ची टाकून बघत होते. खटका दाबून, सोडून पाहिला आणि म्हणाले, "हे तं आपल्या स्प्रिंकलरच्या पायपावानी हाय."

खरंच तसंच आहे. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावताना पाइपात पाइप घालतो, कडी अडकवतो, झालं. फरक रबरात आहे. स्प्रिंकलरच्या पाइपातली रिंग पाण्याचा दाब आल्यावर फुलते आणि मग गच्च बसते, म्हणून मोटर सुरू करताना सगळे सांधे आधी थोडे गळतात आणि मोटर बंद झाली की पाइप आपोआप रिकामे होतात. खटक्यातली गोल रबरी ओ-रिंग दाबाची वाट बघत नाही, ती घालतानाच चेपली जाते. त्यामुळे छतावरच्या टाकीच्या जेमतेम दाबालाही ती धरते. मी चार ओळींत शिकवलं असतं ते बाबांनी हात लावून ओळखलं.

१२ मे

बादली आणि मोबाइलचं घड्याळ. छतावरची टाकी नळापासून साधारण चार मीटर उंच, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो. अमेरिकेतल्या तळांवर याच्या कितीतरी पट असतो.

अर्धा इंची नळी, १० मीटर, काहीही न लावता : १० लिटरची बादली ४६ सेकंदांत. साधा खटका लावून : ५३. नळी सुटली की पाणी आपोआप बंद करणारा खटका लावून : ८४.

आपोआप बंद होणारा तुकडा मला फार आवडला होता. काढताना एक थेंब सांडत नाही. पण त्यात एक छोटा दट्ट्या असतो आणि पाण्याला त्याला वळसा घालून जावं लागतं. दाब भरपूर असेल तिथे हे जाणवणार नाही. आपल्या चार मीटरच्या दाबात तो जवळजवळ निम्मं पाणी खातो. काढून टाकला. त्याऐवजी नळीच्या टोकाला, खटक्याच्या अलीकडे, बॉल व्हॉल्व्ह. उघडला की आतून पूर्ण मोकळा.

मग शेजारच्या काकांकडून पाऊण इंची नळी आणली : २१ सेकंद. दिवसभर खटक्यांशी खेळत बसले आणि खरा फरक नळीच्या जाडीत निघाला.

१३ मे

कॉम्प्रेसरचं कपलर सहा दिवसांत तांबरलं. कॉलर हलत नाही. भाच्याला दाखवलं, तो तेच घेणार होता.

१८ मे

आज टाकी फुगली.

चार दिवस मी लग्नाला मोर्शीकडे गेले होते, गाडी अंगणात उभी. आल्यावर बाबा म्हणाले, वावरातल्या बोअरवरून भरून आणू, तिथे पाणी जोरात येते. ठिबकच्या फिल्टरजवळ नळाचं तोंड आहे, घड्याळात दीड किलो दाब दिसत होता. खटका लावला, व्हॉल्व्ह उघडला. दोन-तीन मिनिटांत बाकाखालून कडकड आवाज आला. मी आत डोकावले तर टाकीची बाजू गरोदर बाईच्या पोटासारखी पुढे आलेली आणि लोखंडी चौकट वाकायला लागलेली. बाबांनी मोटर बंद केली. मी घाईत कॉलर ओढली तर दाबाखाली ती सुटेना. व्हॉल्व्ह बंद करून, दोन्ही हातांनी पिळून सोडवली आणि खाऱ्या पाण्याने न्हाऊन निघाले.

टाकी फुटली नाही, पण झाकणाजवळ एक पांढरी रेघ उमटली आहे. त्या बाकावर आई बसते. हात अजून थरथरताहेत.

१९ मे

कारण सापडलं. हवेच्या ८ मिलिमीटरच्या नळीचं खालचं तोंड मातीने लिंपलेलं. कुंभारीण माशीचं घर. गाडी चार दिवस उभी होती तेवढ्यात तिने आपलं काम केलं. तिची काही चूक नाही, तिला भोक हवंच असतं. चूक माझी : हवेला एकच वाट ठेवली, तीही बोटाएवढी नाही, आणि वर जाळी नाही.

हिशेब मांडला. टाकीची मोठी बाजू ७५ बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे २,६२५ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर फक्त १०० ग्रॅम दाब आला तरी त्या एका बाजूवर २६२ किलोचा रेटा. बोअरचा दाब त्याच्या पंधरा पट होता. घरातल्या पाण्याच्या टाक्या दाब धरायला बनवलेल्याच नसतात, त्या फक्त पाण्याचं वजन धरतात.

आणि माशी आली नसती तरी हे कधीतरी झालंच असतं. पाऊण इंची तोंडातून दाबाचं पाणी आत येत असेल आणि टाकी भरल्यावर त्याला बाहेर जायला ८ मिलिमीटरची नळी असेल, तर उरलेलं पाणी जाणार कुठे? नळी उघड्या तोंडात कोंबायची जुनी रीत ओबडधोबड होती, गादी भिजवायची, पण हवा आणि जास्तीचं पाणी दोन्ही त्या फटीतून निघून जायचं. मी फट बुजवली आणि ती काय काम करत होती ते पाहिलं नाही.

२२ मे

टाकी बदलली. १,८०० रुपये जास्तीचे गेले, जाऊ देत.

नवी रचना लिहून ठेवते, कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल. टाकीच्या वरच्या कडेपासून थोडं खाली सव्वा इंची ओव्हरफ्लो, येणाऱ्या पाइपापेक्षा मोठा, गाडीच्या बाहेर सोडलेला, तोंडाला स्टीलची जाळी. पाणी आत येणारा पाइप आता टाकीला जोडलेलाच नाही. तो टाकीवर बसवलेल्या छोट्या डब्याच्या गळ्यात, ओव्हरफ्लोच्या पातळीपासून दोन इंच वर थांबतो. मधल्या दोन इंचांत नुसती हवा. डब्याला झाकण आहे पण ते सैल आहे, वर मच्छरदाणीचा तुकडा. खटका गाडीच्या दाराशी तसाच आहे, बाबांना काहीच वेगळं करावं लागत नाही. पाणी मात्र धबधब्यासारखं वरून पडतं.

ओव्हरफ्लो लहान करू नये आणि त्याला कधीही बूच लावू नये, असं गाडीतच पाटीवर लिहून चिकटवलं.

२३ मे

दोन इंच हवेचा दुसरा फायदा आज अंगणात दिसला. आमच्या नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण रोज नाही. आज आलं, बादलीत नळी टाकून ठेवली होती. पाणी गेलं त्या क्षणी नळीने सुर्र आवाज केला आणि बादलीतलं पाणी उलटं ओढायला सुरुवात केली. अर्धी बादली माझ्यासमोर गावच्या पाइपात परत गेली.

लहानपणापासून हा आवाज ऐकत आले, कधी विचार केला नव्हता. पुरवठा थांबला की उतारावरचं पाणी खाली जातं आणि वरच्या पाइपात पोकळी तयार होते. नळीचं दुसरं टोक जिथे बुडलेलं असेल तिथलं ती खेचते. ढोरांचा हौद असो, कपड्यांचा टब असो, की माझी गाडीची टाकी. खटक्याने मी गाडी गावच्या नळाला घट्ट बांधली असती आणि पाइप टाकीच्या तळाशी नेला असता, तर शिळं पाणी पूर्ण गल्लीला पाजलं असतं. आता पाइपाचं टोक पाण्याला शिवतच नाही, तेव्हा ओढून ओढून हवाच ओढेल. वर्गात यंदा हाच प्रयोग करून दाखवायचा आहे.

नळावर टिल्लू पंप लावणारे हीच पोकळी स्वतः तयार करतात, आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. गाडी भरायला मी तो कधीही लावणार नाही, कितीही वेळ लागो.

२७ मे

आता नळाकडचं टोक. गाडीकडचं तोंड एकदाच ठरलं, ते बदलणार नाही. नळ मात्र दर गावी वेगळा, म्हणून एक पिशवी शिवली. तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या एका बाजूला तोच खटका आहे आणि दुसऱ्या बाजूला वेगवेगळं तोंड : अर्धा इंची आत आटे, अर्धा इंची बाहेर आटे, पाऊण इंची, ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचं, आणि गुळगुळीत नाकाच्या तोटीसाठी रबरी टोपी, स्टीलच्या पट्टीने कसायची.

सगळ्यात जास्त लागणार ती रबरी टोपी, आणि सगळ्यात बेभरवशाचीही तीच. भरताना ठीक आहे. पण गाडीकडचा बॉल व्हॉल्व्ह आधी बंद केला की नळीत दाब चढतो आणि टोपी तोटीवरून उडते. क्रम ठरवला : उघडताना गाडीकडून, बंद करताना नळाकडून. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पयले उतरणाऱ्याले वाट द्या, मंग चढणाऱ्याले घ्या." एसटीची भाषा. पाटीवर तेच लिहिलं.

३० मे

सफाई. नव्या टाकीत १०० लिटर पाणी आणि १०० मिलिलिटर ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट, म्हणजे लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन. पंप सुरू करून नळातून, शॉवरमधून वास येईपर्यंत सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पूर्ण उपसून दोनदा साध्या पाण्याने धुतलं. हे प्यायचं पाणी नाही, टाकी धुवायचं. पिण्याच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम पुरे असतं.

नळी मुद्दाम अपारदर्शक, खाण्यापिण्यासाठी चालणाऱ्या जातीची घेतली. काकांची पारदर्शक नळी आतून हिरवी झाली आहे. ठेवताना नळीची दोन्ही टोकं एकमेकांतच खटकवून ठेवायची. मुंग्या नाहीत, पाल नाही, आणि ती माशीही नाही. ओ-रिंगना ग्रीस लावायचं तर सिलिकॉनचं. गाडीच्या बेअरिंगचं लावू नये, काही रबरं त्याने फुगतात आणि खटका बसेनासा होतो.

५ जून

खाऱ्या पाण्याची परीक्षा. घरच्या बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या वर जातं. भारतीय मानकात, दुसरा स्रोतच नसेल तर, पिण्याला शेवटची मर्यादा २,००० आहे. हे पाणी फक्त कमोड आणि पाय धुण्यासाठी. तरी पंधरा दिवसांत खटक्याच्या कॉलरखाली पांढरा थर आला. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं, सुटलं. महिन्यातून एकदा करावं लागेल. प्लॅस्टिक वाचलं, पितळी तुकडा हिरवा पडला.

११ जून

शेगाव.

पहाटे पाचला निघालो, अकोटमार्गे. दोन दिवसांपूर्वी मृगाची एक सर येऊन गेली होती, वावरं काळी दिसत होती. बाबांनी चालवली. आई मागे पलंगावर, खिडकीपाशी. अकोटच्या अलीकडे तिने स्वतः कॅनमधून तांब्याभर पाणी काढून प्यायलं. मी आरशात पाहिलं, काही बोलले नाही. रस्त्यात दोनदा गाडी बाजूला घेतली, दोन्ही वेळा पाच मिनिटांत पुढे.

परतताना मावशीच्या गावी थांबलो. तिथे ८४ खेडी योजनेचं, वान धरणाचं पाणी येतं. नळ गुळगुळीत नाकाचा, त्यातही नेहमीपेक्षा जाड. रबरी टोपी ताणून जेमतेम चढली. मी मावशीशी बोलत होते. मागून खट्ट आवाज आला. बाबांनी नळी लावली होती, व्हॉल्व्ह गाडीकडून उघडला होता, आणि कमरेवर हात ठेवून ओव्हरफ्लोकडे बघत उभे होते. सहा-सात मिनिटांत त्यातून पाणी आलं. आधी नळ बंद, मग व्हॉल्व्ह. टोपी जागेवर. नळीतलं उरलेलं पाणी मावशीच्या कडुनिंबाला.

आईने मावशीकडे दोन कप चहा घेतला.

१२ जून

मोठ्या नाकासाठी एक जाड रबरी टोपी घ्यायची, अकोटला मिळेल. दोन ओ-रिंग जास्तीच्या. ओव्हरफ्लोची जाळी पाहिली, स्वच्छ आहे. शेजारीच, मागच्या नंबर प्लेटच्या बोल्टच्या भोकात माशीने मातीचं नवं घर बांधायला घेतलं आहे. ते राहू दिलं.